चार डब्यांची चांदी

॥ श्री ॥
अमळनेर
१२ जून २०२५

चि. दगा यास,
उषाताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे. परवा तुझा फोन आला तेव्हा जयश्रीनं तो माझ्या कानाशी धरला. मला नुसती घरघर ऐकू आली, आणि माझा भाऊ घरघर करणाऱ्यांतला नाही. कानातलं यंत्र मी डब्यात घालून ठेवलं आहे. ते लावलं की भांडी जास्त ऐकू येतात आणि माणसं कमी. तेव्हा आपला जुना रस्ता बरा. डोळे अजून शाबूत आहेत. तूही लिही. अक्षर मोठं काढ, आणि शाळेत करायचास तसं एका ओळीवरून दुसरीवर चढू नकोस.

लिहायचं कारण असं. जयश्रीची मयुरी पुण्यात एका संस्थेत लागली आहे, हे तुला माहीत आहेच. मुक्या सिनेमाच्या काळात आपल्या भागात कुठं कुठं स्टुडिओ होते ते हुडकायचं, हे तिचं काम. त्याचा पगार मिळतो, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. मागच्या महिन्यात तिला रद्दीत एक जाहिरात सापडली. पिवळा कागद, एक कोपरा उंदरानं खाल्लेला. ‘श्री तापी सिनेमा मंडळी, अमळनेर. पांझरेची सून. रिळे चार. सन १९३०.’ खाली बारीक अक्षरात, यंत्राजवळचे मदतनीस म्हणून काशीराम. आजी, हे तुझे मामा का, म्हणून ती नाचतच आली. मी हो म्हटलं. मग तिचं तोंड उतरलं. या मंडळीच्या कुठल्याच चित्राची हातभर फीतसुद्धा कुठं उरलेली नाही, असं म्हणाली.

तेव्हा मी तिला मामांच्या पेटीचं, तिच्यातल्या रिळांच्या चार डब्यांचं सांगितलं. पंचाहत्तर साली ती मी तुझ्याकडं सुरतेला धाडली होती. २००६ च्या पुरानंतर तू कळवलंस की पेटी पाण्यात गेली. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण तुमच्याकडं माणसं बुडाली होती आणि मी डब्यांचं काय विचारणार. आता विचारते. चारही डबे गेले, की एखादा कुठं राहिला? आठवून लिही. घाईनं लिहू नकोस.

सौ. सुषमास व चि. गजेंद्रास आशीर्वाद. नातवाला, हितेशला शहाणपण. आहे तो लोभ राहू दे.

तुझी,
उषाताई


॥ श्री ॥
सुरत
२१ जून २०२५

ती. स्व. उषाताईस,
दगाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गजेंद्रनं ते कोर्टाची नोटीस धरावी तसं दोन बोटांत धरून आणलं. आ कोण लखे छे, असं हितेश विचारत होता. मी सांगितलं, माझी बहीण लिहिते, आणि तुझ्या सगळ्या मास्तरांपेक्षा शुद्ध लिहिते. अक्षर मोठं काढतो आहे. ओळी चढल्या तर सांभाळून घे. मी जन्मभर चढतच आलो.

धंदा बरा म्हणायचा. पर्वत पाटियाच्या कारखान्यात भरतकामाच्या बारा मशिनी आहेत, सगळ्या कंप्युटरवर चालणाऱ्या. बिघाड झाला की इंजिनिअर पडद्यात डोकं घालतो. मी केबिनमध्ये डोळे मिटून बसतो आणि सांगतो की सात नंबरची चौथी सुई बघ. तो बघतो, आणि मग माझ्याशी दिवसभर बोलत नाही. कान तेवढे देवानं दिले, बाकी सगळं मला मिळवावं लागलं.

मंडळीबद्दल मामांनी मला जे सांगितलं ते लिहितो. मयुरीच्या कामाला येईल. गावाबाहेर बंद पडलेलं एक जिन होतं, कापसातली सरकी काढायचं. त्याचे पत्रे काढले आणि वर मांजरपाट ताणला, म्हणजे ऊन गाळून खाली यावं. दिवे नव्हतेच. ऊन हाच दिवा. दहा ते तीन काम. मध्येच ढग आला तर सगळ्यांनी आहे त्या अवस्थेत उभं राहायचं. तलवार उगारलेला तलवार उगारून, पाया पडणारी पाया पडून. ढग गेला की पुढचं आयुष्य सुरू. यंत्र हातानं फिरवायचं. गती चुकू नये म्हणून मामा शेजारी बसून जात्यावरची ओवी गुणगुणायचे आणि फिरवणारा त्या तालावर फिरवायचा. एकदा मामांना खोकला झाला, तर पडद्यावर राजाची अंत्ययात्रा पळत निघाली.

पहिल्या दोन चित्रांत नायिकेचं काम एका पहिलवानानं केलं. तो मिशी काढायला तयार नव्हता, म्हणून नायिका अखेरपर्यंत पदराआड. तिसऱ्याला त्यांना खरी बाई मिळाली म्हणे. कोण, ते मामांनी कधी सांगितलं नाही. मी विचारलं की विषय बदलायचे.

मग बोलपट आला. मंडळींनी मुंबईहून आवाज धरणारं यंत्र आणलं, यंत्राबरोबर एक माणूस आणला. आणि मग लक्षात आलं की शेजारी दुसरं जिन आहे आणि ते चालू आहे. मुक्या सिनेमाला त्याचं काय सोयरसुतक? आता मात्र नायिकेनं हुंदका दिला की मागून धाड धाड. गोधड्या टांगल्या, पोती टांगली, जिनवाल्याच्या पाया पडले. कापूस थांबत नसतो, एवढंच तो म्हणाला. आठव्या दिवशी यंत्रवाला गाडीत बसून गेला. मंडळी बुडाली ती आवाजानं. मामांना राहिलेल्या पगारात हे चार डबे मिळाले.

आता पेटीचं. ताई, काय सांगू? त्या पुरात नवागामला आम्ही आधी राहायचो त्या जुन्या खोलीत पाणी छातीला लागलं होतं. मी पोचलो तोवर दार उघडं आणि पेटी रिकामी. चारही डबे गेले. तापीमाईनं दिलं, तापीमाईनं नेलं, असं समजायचं. मयुरीला म्हणावं, दगाआजोबाचा नाइलाज आहे.

तब्येतीस जप. कानातलं यंत्र डब्यातून काढ, निदान पाहुण्यांसमोर. माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दगा


॥ श्री ॥
अमळनेर
३ जुलै २०२५

चि. दगा यास,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

मिशीवाल्या नायिकेनं मयुरीच्या ऑफिसात तुला मोठं केलं आहे. तुझ्या पत्राचा फोटो तिनं सगळ्यांना दाखवला. कुणी तुझ्या ओळींना हसलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

ती खरी बाई कोण, ते मी सांगते. मामांनी सांगितलं नाही, कारण त्यांनी शपथ घेतली होती. ती आपली माय होती.

तू हे वाचून थांबशील, म्हणून मीही थोडी थांबले होते.

सोळा वर्षांची होती. मामांच्या जेवणाची डबी द्यायला ती जिनात जायची. एक दिवस विहिरीवरच्या गर्दीत चार बायका कमी पडल्या, म्हणून हिला घागर देऊन उभी केली. पुढच्या चित्रात तीच पांझरेची सून झाली. जाहिरातीत ‘मिस मोहना’ छापलं आहे, ती आपली रंभाबाई. वर्षभरानं स्थळ आलं तेव्हा घरच्यांनी तोंडं शिवून घेतली. सिनेमात उभी राहिलेली बाई आणि बाजारात बसलेली बाई यांत लोक तेव्हा फरक करत नसत. बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मी ते चित्र एकदा पाहिलं आहे. बावन्न साली, वैशाखातल्या यात्रेला तंबूचा सिनेमा आला होता. तंबूवाला मामांच्या ओळखीचा. दिवेलागणीला, पहिला खेळ सुरू व्हायच्या आधी, त्यानं फक्त आपल्या घरच्यांसाठी चारही रिळं लावली. बाबा मुंबईला होते. माय माझ्या शेजारी बसली होती आणि माझ्या कानात सांगत होती. तिनं दिग्दर्शकाला विचारलं होतं की मी बोलू काय, आवाज तर येणार नाही. तो म्हणाला, काहीही बोल, ओठ हलू दे. म्हणून पडद्यावर ती नवऱ्याच्या प्रेतापाशी छाती पिटून रडते आहे, आणि बोलते आहे काय, तर किती ऊन से, माले पानी द्या, आनि हाऊ मिशीवाला मना पायवर उभा से. खानदेशात जिथं खेळ झाला तिथं बायकांनी तिचे ओठ वाचले आणि त्या रडायच्या ठिकाणी हसल्या. मंडळींना कारण कधीच कळलं नाही.

पुढच्या वर्षी ती गेली. तू चार वर्षांचा होतास. तिचा एकही फोटो आपल्याकडं नाही, आणि तो का नाही हे तू लहानपणी किती वेळा विचारलंस ते मला आठवतं. तरी तुला मी पेटी धाडली तेव्हा हे लिहिलं नाही. मामांची आठवण आहे, जपून ठेव, इतकंच लिहिलं. तुम्ही आठजण एका खोलीत राहत होतात, आणि खानदेशातून आलेलं पत्र एकट्याचं नसायचं. ते मध्ये बसून मोठ्यानं वाचायचं, हा तुमचा रिवाज. त्या आठांतले तिघं माझ्या सासरच्या गावचे. मी लिहिलं असतं तर महिन्याभरात ते माझ्या सासूच्या चुलीपाशी पोचलं असतं.

पुढं सांगता आलं असतं. सासू गेली, मुलींची लग्नं झाली, सिनेमातल्या बायकांना लोक हार घालू लागले. लाज कधी संपली ते मला कळलंच नाही. सवय तेवढी उरली.

मयुरी म्हणते, पुराच्या गाळातूनही रिळं निघाल्याची उदाहरणं आहेत. डबा गंजतो, बाहेरची फीत जाते, आतली थोडी राहते. वीस तारखेला ती दोन जाणकार माणसं घेऊन सुरतेला येते आहे. त्यांना नवागामची खोली दाखव. पुराचा गाळ काढून कुठं टाकला होता तेही आठवून ठेव.

मला मायचा चेहरा एकदा बघायचा आहे, दगा. त्र्याऐंशी वर्षांची झाले. दुसरं काही मागण्यासारखं राहिलं नाही.

तुझी,
उषाताई


॥ श्री ॥
सुरत
११ जुलै २०२५

ती. स्व. उषाताईस,
दगाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मयुरीला येऊ देऊ नकोस. गाळात काही नाही. पेटी पुरात गेली नाही. त्या पुरात आमच्या नवागामच्या गल्लीत घोट्याएवढं पाणी होतं, आणि पेटी त्याच्या तीस वर्षं आधी रिकामी झाली होती. मी केली.

तू विचारलंस की मी म्हणायचो, माळ्यावर आहे. दर दोन-चार वर्षांनी विचारायचीस, दर वेळी मी माळ्यावर ठेवायचो. मग पूर आला आणि अर्ध्या सुरतेनं आपल्या नसलेल्या वस्तू त्यात बुडवल्या. मीही एक पेटी बुडवली. वाटलं, सुटलो.

झालं ते सांगतो. तुझं पंचाहत्तर सालचं पत्र मी खोलीत मध्ये बसून मोठ्यानं वाचलं, रिवाजाप्रमाणं. आठ माणसं, सात जणांची झोपायची जागा, त्यात ही पेटी आली. सगळे चिडवायचे की दगाची बायको आली, ती आडवी झोपते आणि दगा बसून झोपतो. उघडली की कापराचा वास. मला वाटायचं मामांनी देवाच्या वस्तूसारखी कापूर घालून ठेवली आहे. कापूर त्या फितीतच असतो, हे पुढं कळलं. खोलीत धुडकू होता, तो जरीच्या कारखान्यात तार ओढायचा. तुझं पत्र ऐकून त्यानं एक डबा उघडला, फितीवर नख घासलं आणि मला म्हणाला की तुले काय समजस, ही चांदी से. जुन्या सिनेमाच्या फितीवर चित्र धरून ठेवायला चांदीचा थर असतो, आणि सुरतेत तो धुऊन काढणारे लोक आहेत, असं त्यानं सांगितलं. मी वर्षभर नाही म्हणत होतो. मग एका जरीवाल्यानं मला कामात भागीदार करायची तयारी दाखवली, थोडी चांदी घेऊन ये म्हणाला.

ताई, उपाशी होतो असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, आणि मलाही. पण मी उपाशी नव्हतो. माझा आठवड्याचा पगार नियमित होता. मी हुशार होतो. कुणाला न दिसणारी वस्तू मला दिसली, याचा मला आनंद झाला होता. तोच आनंद पुढं पन्नास वर्षं माझ्या धंद्यात मला उपयोगी पडला, म्हणून तो वाईट होता असं मला कधी वाटलं नाही.

शांतिभाई नावाचे गृहस्थ होते, त्यांच्या अंगणात कढत सोड्याच्या पाण्याचे दोन हौद. त्यांनी फीत सोडवली, टोक उन्हाकडं धरलं आणि मला दाखवलं. बारीक बारीक चौकटी होत्या. एक बाई होती. तोंड उघडं, बोलत असल्यासारखी. मी पाहिली. पाहिली आणि शांतिभाईंना विचारलं की चार डब्यांत किती निघेल.

तीन तोळे निघाली. फीत हौदात गेली तशी पाणी काळं झालं, आणि वर आली ती काचेसारखी स्वच्छ, आरपार. ती बांगडीवाल्यानं नेली. त्या चांदीची तार झाली, तारेची जर झाली. त्या दिवाळीला तुला जांभळी साडी पाठवली होती, तिच्या काठाला मी मुद्दाम माझ्या पहिल्या मालातली जर लावली. मला वाटलं, तुझं तुला पोचलं.

गेले चार दिवस मी ती चौकट आठवतो आहे. नखाएवढी होती. उघडं तोंड आठवतं, डोक्यावरचा पदर आठवतो. चेहरा येत नाही. बारा मशिनींतून एक सुई ओळखणारा माणूस मी. कानाला ऐकू न येणारं मायचं एकच बोलणं जगात उरलं होतं, ते मी धुऊन विकलं.

तू काय म्हणशील ते कबूल आहे. काहीच म्हणाली नाहीस तर मात्र कठीण आहे.

तुझा,
दगा


॥ श्री ॥
सुरत
२० ऑगस्ट २०२५

ती. स्व. उषाताईस,
दगाचा शि. सा. न. वि. वि.

राखी आली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सुषमानं टपालात उशीर झाला असेल म्हणून दोन दिवस काढले. मग तिनंच देवापुढचा दोरा माझ्या हाताला बांधला. तिला मी सांगितलं आहे. गजेंद्रलाही सांगितलं. तो हिशेबी माणूस, तेव्हा करायला दुसरं काय होतं, असं म्हणाला. त्यानं घातलेली समजूत मला बोचली. माझंच बोलणं त्याच्या तोंडून ऐकू आलं.

मयुरीचा फोन आला होता. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे तारीख विचारली, शांतिभाईंचं नाव विचारलं, हौदाचं माप विचारलं, लिहून घेतलं. म्हणाली की मुक्या काळातले बहुतेक सिनेमे असेच गेले. कुठं आग लागली, कुठं बांगड्या झाल्या, कुठं चांदी. ज्यांनी काढले त्यांनाही पुढचा सिनेमा आला की मागचा अडगळच वाटायचा. जपायची वस्तू आहे ही कल्पनाच फार उशिरा आली, असं तिचं म्हणणं. माझ्यावर उपकार म्हणून बोलली. पण मला तर जपून ठेव असं लिहून आलं होतं.

मागच्या आठवड्यात मी शहरात जाऊन शांतिभाईंचं घर शोधलं. हौदांच्या जागी मोबाइलची दुकानं. त्यांचा मुलगा ललितभाई माझ्याच वयाचा. त्यानं चहा पाजला. फीत धुण्याआधी आम्ही भावंडं ती खिडकीला लावून चित्रं बघायचो, म्हणाला. मी खुर्चीत पुढं सरकलो. चार डबे, कापराचा वास, प्रेतापाशी रडणारी बाई, असं सगळं सांगून पाहिलं. त्यानं माझा कप पुन्हा भरला. मग म्हणाला की भाई, आमच्या अंगणात हजारो बाया रडल्या. एक आठवणार कशी?

खोटं सांगितलं असतं तरी मी मानलं असतं. तो भला माणूस, त्यानं सांगितलं नाही.

एक मागतो, मागायचं तोंड नसताना. ती गेली तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. तू तिला रोज पाहिलं आहेस. मला तिचा चेहरा लिहून पाठव. नाक कसं, कपाळ कसं, हसली की काय व्हायचं. मोठ्या अक्षरात नसलं तरी चालेल. मग पाहिजे तर पुन्हा लिहू नकोस.

तुझा,
दगा


॥ श्री ॥
अमळनेर
१४ सप्टेंबर २०२५

चि. दगा यास,
आशीर्वाद.

राखी पाठवली नाही ती मुद्दाम. टपालाचा दोष नाही, सुषमाला सांग. तू फीत विकलीस हे मी तिसऱ्या दिवशी सोसलं. एका खोलीत आठजण होतात, वय सव्वीस होतं, आणि काय विकतो आहेस हे मीच तुला सांगितलं नव्हतं. पण पुढं एवढी वर्षं तू माझ्याकडून माळ्याची चौकशी करवून घेतलीस. मी विचारायची आणि तू उत्तर द्यायचास, मजेत. ते अजून सोसलेलं नाही. सोसेल तेव्हा कळवीन.

जांभळ्या साडीचं तुला ठाऊक नाही. एक्क्याण्णव साली ती विरली, तेव्हा दारावर जुनी जर घेणारा आला होता. मी काठ फाडून त्याला दिला. त्यानं माझ्यासमोर तो जाळला, राख कापडात बांधली, आणि मला पितळेचं घंगाळ दिलं. मला तो व्यवहार फार चांगला वाटला होता. शेजारणींना सांगितला होता. तेव्हा हुशारी आपल्या घरात तुझ्या एकट्याची नाही.

तुझं ऑगस्टचं पत्र आलं त्याच दिवशी मी लिहायला बसले. कपाळ रुंद, असं लिहिलं आणि थांबले. ते कपाळ माझं होतं. खोडलं. नाक लिहिलं, ते जयश्रीचं निघालं. मयुरीनं चित्रं काढणाऱ्या एका मुलीला आणलं. आजी, तुम्ही सांगा, मी काढते, असं ती म्हणाली. दोन दिवस बसली बिचारी. ओठ जरा पातळ, डोळे जरा खाली, असं मी सांगत गेले, ती खोडत गेली. शेवटी जे झालं ते बघून घरातले सगळे म्हणाले की ही तर मयुरीच. मी त्या मुलीला साडीचोळी देऊन पाठवलं.

मला मायचा चेहरा आठवत नाही, दगा. हे मी कुणाला बोलले नाही. मी तो आठवून ठेवलाच नव्हता. पेटीत आहे, चार डब्यांत आहे, सुरतेला भावाकडं आहे, या भरवशावर मी निश्चिंत होते. ज्यांच्या आया कुठंच उरल्या नाहीत त्या बायका रोज आठवतात. मी आठवलं नाही, कारण माझी ठेवलेली होती. रंग सावळा होता, एवढं खात्रीचं. त्यापुढं जे लिहीन ते माझं असेल, तिचं नसेल. तुझ्याशी कुणीतरी खरं वागावं म्हणून कोरी जागा पाठवते आहे.

एक आहे, ते मात्र मी पाहिलेलं आहे आणि त्यात बदल झालेला नाही. यात्रेतल्या त्या तंबूत तूही होतास. तीन वर्षांचा. तिच्या मांडीवर. पडद्यावर ती रडायला लागली तेव्हा खाली बसलेली ती पदर तोंडात धरून हसत होती, आणि ती हसली की तू हलत होतास. मी पडद्याकडं बघत होते. मामा बघत होते, तंबूवाला बघत होता. तू पडद्याकडं एकदाही पाहिलं नाहीस. चारही रिळं संपेपर्यंत मान वर करून तिच्या तोंडाकडं बघत बसला होतास. मामांनी तुझी हनुवटी धरून दोनदा पडद्याकडं वळवली. दोन्ही वेळा तू परत वळलास.

सुषमास आशीर्वाद. दसऱ्यानंतर येऊन जा. मला ऐकू येत नाही, तेव्हा समोर बसून सावकाश ओठ हलव.

लोभ किती उरला आहे ते अजून बघते आहे. संपलेला नाही.

तुझी,
उषाताई